गलबत कोणतं होतं?

नाशिकच्या माणसानं गलबतांवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरी, आणि पाणी मोजायचं साधन म्हणजे दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशा भाषेत आम्ही पूर मोजतो. समुद्र तसा फार लांब नाही. पण मध्ये सह्याद्री आडवा उभा. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी, दादरच्या चौपाटीवर. पुढं तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर बाण काढून शेकडो मुलांना समजावले. त्या वाऱ्यांवर कुणाचं पोट चालत होतं, हे मात्र मला निवृत्तीच्या आसपास कळलं.

या सगळ्याची सुरुवात आमच्या घरच्या एका वहीतून झाली.

आमचं घर पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायांचं. बाहेरगावचा यजमान रामकुंडावर येतो, आपलं गाव आणि आडनाव सांगतो. मग उपाध्याय घरातली लांबट वही काढतात आणि त्याच्या आजोबांची, पणजोबांची नावं वाचून दाखवतात. बऱ्याचदा पणजोबांची स्वतःची सहीही असते. विधी झाला की नव्या माणसाची नोंद त्याखाली होते. मी या व्यवसायात गेलो नाही, पण लहानपणी अक्षर चांगलं म्हणून वडील, म्हणजे अण्णा, माझ्याकडून नोंदी लिहवून घेत.

१९६६ सालचा पितृपक्ष. मी बारा वर्षांचा. ओटीवर यजमानांची रांग लागलेली. त्या रांगेत देवगडकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, बरोबर दिराचा मुलगा. त्यांचे यजमान गलबतावर होते. लग्नानंतर चार-सहा वर्षांतच एका खेपेला गेले ते परत आले नाहीत. गलबतही आलं नाही, त्यावरचा एकही माणूस आला नाही, एक फळीसुद्धा कुठं किनाऱ्याला लागली नाही.

अशा माणसाचं शास्त्रात काय करायचं, ते अण्णांना तोंडपाठ होतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या तीनशे साठ देठांची मनुष्याकृती करून तिला अग्नी द्यायचा. अपघाती मरण म्हणून त्र्यंबकेश्वरी नारायणबली. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध. या बाईंनी बारा नव्हे, अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली होती. आता स्वतःचं वय झालं, आपल्यामागं करणारं कोण, म्हणून आल्या होत्या.

अण्णा त्यांना विचारत होते आणि मी लिहीत होतो. बाई भराभरा सांगत होत्या. गलबताचं नाव, नाखव्याचं नाव, कुठून निघालं, काय भरलं होतं, कुठल्या बंदराच्या दिव्यासमोर ते दुसऱ्या गलबतवाल्यांना शेवटचं दिसलं. मधला एकेक शब्द माझ्या डोक्यावरून जात होता. मागं दहा माणसं खोळंबलेली. अण्णांनी मला डोळ्यांनीच खूण केली, आवर. बाई उठता उठता माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "झिला, नीट लिव हां."

मी लिहिलं होतं तीन शब्दांत: "बोट बुडून. अज्ञात." पुढं नाव, गोत्र आणि अमावास्या.

ही नोंद मी विसरूनही गेलो. ती परत समोर आली २००८ साली.

त्या वर्षी १९ सप्टेंबरला गोदावरीला मोठा पूर आला, हे नाशिककरांना आठवत असेल. पितृपक्षच चालू होता. आमच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं. भांडी, धान्य, माझी पुस्तकं, सगळं तसंच टाकून आम्ही आधी वह्या माडीवर नेल्या. अण्णा तोपर्यंत गेले होते, पण त्यांचा धाक होताच. दहा दिवसांनी सर्वपित्रीला एक पस्तिशीचा तरुण दारात उभा राहिला. जिन्याला अजून गाळ चिकटलेला. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. माझ्या धाकट्या भावानं वही काढली आणि माझ्या बारा वर्षांच्या अक्षरातली ती नोंद निघाली.

तो त्या बाईंच्या दिराचा नातू. नात्यानं गेलेला माणूस त्याचा चुलत आजोबा. मुंबईत नोकरी करत होता. घरात त्या आजोबांची एक लाकडी पेटी होती, एवढंच काय ते उरलेलं. गावातली जुनी माणसं संपली. बाईंनी नाशिकला सगळं लिहवून ठेवलंय, असं त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. नोंद वाचून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, पण गलबत कोणतं होतं?"

मी त्याला सांगितलं नाही की हे अक्षर माझं आहे. ते सांगायला मला आणखी दोन वर्षं लागली.

तो गेल्यावर मी सार्वजनिक वाचनालयात गेलो. १८४० साली स्थापन झालेलं आमचं वाचनालय. तिथं काही सापडत नाही असं होत नाही. पहिल्या दिवशी मोल्सवर्थचा शब्दकोश काढला आणि लाजलो. जहाजासाठी मला 'बोट' एवढा एकच शब्द ठाऊक होता. मराठीत मात्र गुराब, गलबत, पाल, शिबाड, मचवा, पडाव, तरांडं, फत्तेमारी असे शब्दच शब्द. आणि यातला कुठलाही दोन वस्तूंसाठी उगाच वापरलेला नाही. आपण जसं डंपरला रिक्षा म्हणत नाही, तसा कोकणातला माणूस मचव्याला फत्तेमारी म्हणणार नाही. मी मात्र त्या बाईंच्या सगळ्या सांगण्याला 'बोट' म्हणून मोकळा झालो होतो.

मग वाचत गेलो. भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांच्या आरमारावरचा आणि व्यापारी जहाजांवरचा इंग्रजी ग्रंथ, शां. वि. आवळसकरांचं 'आंग्रेकालीन अष्टागर'. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म नावाच्या कंपनीच्या इतिहासकारानं मराठी जहाजांचं जे वर्णन लिहून ठेवलंय, ते वाचून मला पहिल्यांदा जहाज डोळ्यांसमोर दिसलं. गुराब दोन डोलकाठ्यांची असली तर साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. मध्ये रुंद आणि पुढं निमुळती. तोफा नेहमीसारख्या बाजूंना असतच, शिवाय दोन मोठ्या तोफा तोंडाशी, सरळ पुढं मारा करणाऱ्या. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचं भलंमोठं जहाज जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखं पडून राही. मग गलबतं वल्ही मारत यायची, गुराबांना दोर बांधून ओढत आणायची, आणि शत्रूच्या मागच्या अंगाला, जिथं त्याच्या तोफा कमी, तिथं नेऊन उभी करायची. खोल समुद्रात मात्र समोरून लाट आली की गुराब नाक पाण्यात खुपसायची. म्हणजे ही किनाऱ्याची जहाजं, आणि किनाऱ्यावर त्यांना तोड नव्हती. कान्होजी आंग्र्यांनी १७२९ साली मृत्यू येईपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या सगळ्यांना पुरून उरायचं कसं जमवलं, याचं निम्मं उत्तर या बांधणीत आहे.

पण आमचा माणूस लढाऊ जहाजावर नव्हता. तो व्यापारी शिडाच्या जहाजावर होता. त्या जहाजाची आणि माझी ओळख करून दिली ती मालवणच्या एका वृद्ध तांडेलानं. मी भूगोलाचा मास्तर आहे म्हटल्यावर त्यानं मला समोर बसवलं आणि शिकवलं. सांगण्यासारखं आहे, म्हणून जरा थांबतो.

फत्तेमारी म्हणजे लांबट, अणकुचीदार नाळ पुढं झुकलेली. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. दोन डोलकाठ्या. शीड चौकोनी नव्हे, तिरकं. एका लांबलचक आडव्या काठीला बांधलेलं. रात्री आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे, तो खारा. पहाटेच्या वाऱ्यावर किनारा सोडायचा, थोडं बाहेर जायचं, दुपारच्या वाऱ्यावर तिरकं आत यायचं. पुन्हा रात्री बाहेर. असं नागमोडी करत करत वर मुंबईपर्यंत. नकाशावर हे अंतर सरळ दिसतं. शिडाच्या जहाजाला ते कधीच सरळ नसतं. वळताना ती अख्खी आडवी काठी डोलकाठीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. वारा जोराचा असेल आणि माणसं दमलेली असतील, तर जहाज जातं ते याच घटकेला.

आणि नारळी पौर्णिमेपासून वैशाखाच्या शेवटापर्यंतच हे चालायचं. पावसाळ्यात जहाज किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवायचं. त्यामुळे मोसमाच्या दोन्ही टोकांना धोका. शेवटची एक खेप मिळाली तर चार महिन्यांच्या तांदळाची सोय होते, म्हणून माणूस मे महिन्यात निघतो आणि अरबी समुद्रातलं वादळ त्याला गाठतं. तांडेल म्हणाला, बुडणाऱ्यांत सगळ्यात जास्त ती शेवटच्या खेपेची.

मी घरी येऊन खारे वारे, मतलई वारे हा धडा परत काढून वाचला. अर्धं पान आहे. माणूस एकही नाही त्यात.

शोधायला लागल्यावर नाशिकमध्येच समुद्र सापडायला लागला, हीही गंमत. पांडवलेण्यात दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. शाळेच्या सहलीला मी तिथं पंचवीस वेळा गेलो असेन. त्यात त्यानं केलेल्या दानधर्माची जंत्री आहे. आणि त्या जंत्रीत पारादा, दमण, तापी, दाहनुका अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट नावांची सोय केली, हेही आहे. म्हणजे जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात कुणीतरी नावेची नोंद दगडात करून ठेवली होती. माझ्या नोंदीपेक्षा ती पुष्कळच नीट होती.

आमच्या शेजारच्या डांगातलं सागवान इंग्रजांना एवढं हवं होतं की १८४२ साली त्यांनी भिल्ल राजांकडून ती जंगलंच भाडेपट्ट्यानं घेतली. सागाचं महत्त्व काय, ते मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'त्रिंकोमाली' या जहाजावरून कळतं. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागात ते बांधलं, १८१७ साली पाण्यात सोडलं, आणि आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याचे नकाशे मुंबईला यायचे होते ते ज्या जहाजावरून, ते 'जावा' नावाचं जहाज वाटेत १८१२ मध्ये अमेरिकनांनी लढाईत हरवून जाळलं. मग नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. जहाज बांधायच्या आधीच त्याचे कागद गेले होते!

आणि शरणपूर. शरणपूर रोडवरून मी आयुष्यभर सायकल मारली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीनं तिथं वसाहत केली. अरबी समुद्रात गुलामांचा व्यापार करणारी शिडाची जहाजं इंग्रज आरमार पकडायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जायची. त्यांतली पुष्कळ नाशिकला, शरणपूरला आली. इथं लिहायला, वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६६ साली डॉ. लिव्हिंग्स्टन मुंबईहून आफ्रिकेला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर या शाळेतली मुलं होती. पुढं जेकब वेनराइट हा इथंच शिकलेला तरुण त्यांच्या मागून गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांबरोबर त्यानं त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत पायी वाहून आणला. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदेकऱ्यांमध्ये हा आमच्या नाशिकच्या शाळेतला मुलगा होता. ज्या जहाजाच्या तळात त्याला लहानपणी कोंबलं होतं, त्या जहाजाचं नाव त्याला ठाऊक असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. त्या मुलांच्या मागं तर कुणी वही घेऊनही बसलं नव्हतं.

बाकी ऐतिहासिक स्थळांचं फार लांबवत नाही. पण विजयदुर्गाबद्दल बोललं पाहिजे. वाघोटण खाडीत, गिर्ये गावाजवळ, खडकात कोरलेली जुनी गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की डागडुजी करायची. तिथं आता चिखल आणि खेकडे. किल्ल्याबाहेर पाण्याखाली दगडी भिंत आहे, शत्रूची जहाजं तिच्यावर आपटावीत म्हणून बांधलेली, अशी तिथली पक्की समजूत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी ती पाहिली, मोजली. ती अंगचीच खडकाची की माणसानं रचलेली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. गाईड मात्र मतभेद सांगत नाहीत.

याच बंदरात १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रावरून वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांची फौज. एका जहाजावर तोफेचा गोळा पडला, आग लागली आणि एकमेकांना बांधून ठेवलेल्या जहाजांवरून ती पसरत गेली. संध्याकाळपर्यंत गुराबा, गलबतं, बांधणीतली जहाजं, सगळं संपलं. इंग्रजांचं नुकसान किरकोळ. नानासाहेब पेशव्यांनी आपल्या हातानं आपलं आरमार बुडवलं, असं आपण शाळेत म्हणतो आणि पुढच्या धड्याला लागतो. ते खरंच आहे. पण त्यानंतर पेशव्यांनी विजयदुर्ग परत मिळवला, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांच्या आरमारानं इंग्रजांचं 'रेंजर' हे जहाज पकडलं, हेही खरं आहे. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात आमच्या नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. किल्ल्यावर उभा असताना मला का कोण जाणे त्यांची आठवण झाली.

या सगळ्यात मूळ प्रश्न तसाच होता. गलबत कोणतं?

शिडाच्या लहान जहाजांची नोंदणी करून त्यांच्यावर क्रमांक रंगवायचा, असा मुंबई इलाख्यात १८३८ पासूनचा कायदा होता. म्हणजे कुठंतरी नोंदवही असणार. मी चार बंदरांच्या कार्यालयांत फिरलो. एका ठिकाणी वाळवीनं पोखरलेला गठ्ठा दाखवला, दुसऱ्या ठिकाणी 'जुनं सगळं रद्दीत दिलं' असं शांतपणे सांगितलं. मला राग आला, पण तो दाखवायचा हक्क मला कुठं होता?

मग २०१० च्या उन्हाळ्यात अण्णांची जुनी हिशेबाची चोपडी हाताला लागली. दक्षिणा किती आली, तांदूळ किती लागले, असली टिपणं. १९६६ च्या पितृपक्षात त्या बाईंच्या गावापुढं अण्णांनी सव्वा रुपया लिहिलाय आणि बारीक अक्षरात पुढं: "फत्तेमारी, कौलांची." बस्स. मला आवर म्हणणाऱ्या अण्णांनी स्वतः मात्र ऐकलं होतं.

माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेनं केलेल्या जलगत उत्खननांबद्दल मी वाचलेलं होतं. सुंची रीफ नावाच्या खडकाजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले: तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. आणि सेंट जॉर्ज रीफजवळ दुसरं एक बुडालेलं जहाज. त्यावर काय होतं? मंगळुरी कौलं! छपराची कौलं, आढ्याची कौलं, भाजलेल्या मातीचे नक्षीदार स्तंभशीर्ष. बासेल मिशनच्या कारखान्याचा ठसा असलेला माल. कौलांनी भरलेलं जहाज, कोकणच्या वाटेवर, गोव्यापाशी बुडालेलं. मी त्याच संध्याकाळी त्या तरुणाला मुंबईला फोन केला आणि म्हणालो, "सापडलं."

पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग तो म्हणाला, "घरी सांगू?" मी म्हटलं, "सांग."

रात्री झोप येईना म्हणून तो लेख परत काढला. कौलांवर १८६५ असं साल होतं. पहिल्यांदा वाटलं, मग जहाज १८६५ चं. मग लक्षात आलं की मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरूच १८६५ मध्ये झाला. ते साल ठशात कारखान्याच्या स्थापनेचं म्हणून आहे, जसं आपण मिठाईच्या खोक्यावर 'स्थापना अमुक' छापतो. म्हणजे ते कौल १८६५ नंतर कधीचंही असू शकतं. एवढ्यावर माझं मन मला सांगू लागलं की मग आपलंच जहाज असायला काय हरकत आहे? पण लेखात पुढं अभ्यासकांनी सगळ्या मालावरून ते जहाज एकोणिसाव्या शतकातलं ठरवलं होतं. आमचा माणूस गेला १९३८ च्या सुमारास. शिवाय कौलं घेऊन मंगळूरहून उत्तरेकडे येणारी जहाजं एका मोसमात किती असत, ते तांडेलानंच मला सांगितलं होतं. मुंबईच्या चाळी, पुण्यातले बंगले, आमच्या पंचवटीतले वाडे, एवढ्यांवर जी कौलं चढली, ती काही एका गलबतातून आली नव्हती.

लाकडाचाही पुरावा नाही. आपल्या उबदार समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो. वाळूखाली गाडलं गेलं तेवढंच लाकूड वाचतं. उरतात त्या तोफा, नांगर, कौलं, भांडी. माणूस कुठल्या गावचा, हे कौल सांगत नाही.

सकाळी सातला मी परत फोन केला. म्हटलं, मी चुकलो, ते जहाज आपलं नव्हे. आणि आता खोटं बोलून चालणार नव्हतं, म्हणून पहिली चूकही सांगितली. ती नोंद माझी आहे. तुमच्या आजीनं सगळं सांगितलं होतं, नावसुद्धा. मी बारा वर्षांचा होतो, मला शब्द कळले नाहीत, मी लिहिलं नाही.

तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "काका, रात्री मी घरी सांगितलं. आई रडली. आता तिला काय सांगू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा प्रश्न मला पहिल्या प्रश्नापेक्षा जड गेला.

महिनाभरानं त्याचाच फोन आला. म्हणाला, आईला खरं सांगितलं. आई म्हणाली, फत्तेमारी होती आणि कौलं होती, एवढं तरी कळलं ना. मग तेवढं त्या मास्तरांना वहीत लिहायला सांग.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला तो आईला घेऊन आला. मी अण्णांच्या जागी बसलो, विधी भावानं केला. माय-लेक आठवेल ते सांगत होते आणि मी प्रत्येक शब्द विचारून विचारून लिहीत होतो. पेटी कसल्या लाकडाची होती, तेही लिहिलं. आई म्हणाल्या, त्या लहान असताना म्हाताऱ्या बाई संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून एक नाव घेत; ते देवाचं की गलबताचं, ते कुणालाच कधी कळलं नाही. नावही आता आठवत नाही, दोन अक्षरी होतं इतकंच.

जुनी ओळ खोडायची नाही, हा आमच्या घरचा नियम. त्यामुळे "बोट बुडून" तसंच आहे. त्याखाली मी लिहिलं: फत्तेमारी. माल मंगळुरी कौलं. येणं दक्षिणेकडून. सुमारे १९३८. नोंद पूर्वी अपुरी लिहिली गेली, ती लिहिणाऱ्याची चूक. मग 'गलबताचं नाव' एवढे दोन शब्द लिहून पुढं दोन बोटं जागा मोकळी सोडली.

ती अजून मोकळी आहे. देवगड-विजयदुर्गाकडच्या कुणाच्या घरी मंगळुरी कौलं आणणाऱ्या जुन्या फत्तेमारीचा कागद, फोटो किंवा नुसती आठवण असेल, आणि नाव दोन अक्षरी असेल, तर पंचवटीत कुणालाही विचारा; वह्यांचं घर दाखवतील.